पांढरा जिना कुणी रंगवलाच नाही

या वेळी जलरंगांबद्दल बरेच प्रश्न आलेत. त्यातलं एक पत्र इतकं मनापासून लिहिलंय की जास्तीत जास्त जागा त्यालाच देतेय, बाकीचे प्रश्न त्याच्या मागोमाग घेते.

प्रश्न: मी चित्रकार नाही, चित्रं बघायला आवडतात एवढंच. मागच्या महिन्यात एका प्रदर्शनात जलरंगातलं एक चित्र बघितलं, ते डोक्यातून जातच नाहीये. साधारण दीड फूट रुंद असेल. सगळीकडे गडद निळं-हिरवं, पाणी म्हणा नाहीतर आभाळ म्हणा. खाली एक लिहायचं टेबल, त्याचे पाय पाण्यात, एक खण अर्धा उघडा आणि त्या खणातून लांबलचक वेणी बाहेर आलीये, ती पाण्यात शिरते आणि टोकाला तिची मुळं होतात, झाडाची असतात तशी. वर अधांतरी एक पांढराशुभ्र जिना, नऊ पायऱ्या (मी मोजल्या), कुठून सुरू होत नाही आणि कुठे पोचत नाही. डावीकडे वर बारीक बारीक चांदण्या उमटल्यात, मधे चुरगळलेल्या काचेसारखा पोत आहे, उजवीकडे एक मोठा डाग आहे ज्याची कड झालरीसारखी झालीये. आणि एका छोट्या डागाला फक्त एक डोळा काढलाय, बाकी काहीच नाही, तर तो डाग प्राणी होऊन आपल्याकडे बघतोय. खाली लेबलवर ‘जलरंग आणि मीठ, कागदावर’ एवढंच. मी तिथे वीस मिनिटं उभा होतो. बरोबरचा मित्र म्हणाला, यात काय आहे, पाणी ओतलं, मीठ भुरभुरवलं, जे झालं त्याला अतिवास्तववाद म्हटलं. मला राग आला पण उत्तर देता येईना. असं चित्र बघायचं कसं? अर्थ काय लावायचा? आणि मित्र म्हणतो ते खरं आहे का?

उत्तर: तुमच्या मित्राला द्यायचं उत्तर त्या चित्रातच आहे, त्या जिन्यात आहे. पण तिथे जरा वेळाने येते, आधी तो जे म्हणाला त्यातलं खरं किती ते बघू, कारण त्यात थोडं खरं आहेच.

१९२४ मधे पॅरिसला आंद्रे ब्रेताँने अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. हा माणूस वैद्यकी शिकलेला, पहिल्या महायुद्धात मनाला जबर धक्का बसलेल्या सैनिकांच्या वॉर्डात त्याने काम केलेलं, आणि फ्रॉइडच्या विचारांनी झपाटलेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की बुद्धीचा, नीतीचा, सौंदर्याच्या नियमांचा पहारा उठवा आणि मन आपोआप काय बोलतं ते उतरवून घ्या. लिहिणाऱ्यांना हे सोपं होतं, भराभर लिहीत सुटायचं. चित्रकारांची मात्र पंचाईत झाली, कारण हात शिकलेला असतो, तो आपोआप चालवला तरी शिकलेलंच काढतो. मग हाताला चकवायचं कसं? म्हणून त्यांनी योगायोगाला कामाला लावलं. माक्स एर्न्स्टने १९२५ मधे घासून गुळगुळीत झालेल्या लाकडी जमिनीवर कागद टाकले आणि वरून शिसं घासलं, लाकडाच्या रेषा उमटल्या, त्या रेषांत त्याला जंगलं आणि जनावरं दिसायला लागली. ऑस्कर दोमिंगेझने १९३० च्या दशकात कागदावर काळा गॉश रंग पसरून त्यावर दुसरा कागद दाबला आणि ओढून काढला, तर आत गुहा, पोवळी, खडक असं काय काय उमटलं. याला डेकॅल्कोमेनिया म्हणतात, आणि लक्षात घ्या, गॉश म्हणजे पाण्यातलाच रंग, फक्त अपारदर्शक.

आणि ही युक्ती त्यांची नवी पण नव्हती. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय की डाग पडलेल्या भिंतीकडे बघत राहा, डोंगर, नद्या, लढाया, चेहरे सगळं सापडेल. अलेक्झांडर कझन्स नावाच्या चित्रकाराने तर १७८५ च्या सुमारास याची पद्धतच छापली, शाईचे डाग पाडायचे, कधी कागद आधी चुरगळून घ्यायचा, मग त्या डागातून निसर्गचित्र शोधायचं.

म्हणजे पाणी ओतलं आणि जे झालं ते झालं, हे मित्राचं वाक्य पहिल्या पायरीपुरतं बरोबर आहे. चूक कुठे आहे तर तिथेच संपलं असं त्याला वाटतं तिथे.

आता तुमच्या चित्राजवळ जाऊ. तुम्ही इतकं बारकाईने लिहिलंय की ते कसं केलं असेल ते बऱ्यापैकी सांगता येतं. डावीकडच्या चांदण्या मिठाच्या. ओल्या रंगावर मिठाचा खडा पडला की तो आजूबाजूचं पाणी ओढतो, विरघळतो आणि त्या हालचालीत रंगाचे कण बाजूला सरकतात, वाळल्यावर तिथे फिकट चांदणी राहते. ऐकायला सोपं वाटतं पण मीठ टाकायची वेळ फार थोडी असते. नुकता वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर) दिलेला कागद आरशासारखा चमकतो, तेव्हा मीठ टाकलं तर सगळं विरघळून जातं आणि काहीच राहत नाही. चमक पूर्ण गेल्यावर टाकलं तर खडे नुसते बसून राहतात. मधे एक क्षण येतो, आरसा मावळतो आणि कागदावर रेशमासारखी मंद झळाळी उरते, तेव्हा टाकलं तरच चांदण्या फुलतात. हा क्षण कागदानुसार, हवेनुसार बदलतो, तो ओळखायला मला काही वर्षं लागली आणि अजूनही दर वेळी कागदाला नाक लावूनच बघावं लागतं. तुमच्या चित्रात चांदण्या फक्त डावीकडे वर आहेत म्हणताय, सगळीकडे नाहीत. म्हणजे बाकीचा कागद एकतर जास्त ओला होता किंवा वाळलेला होता, किंवा मग मीठ तेवढ्याच भागात टाकलं. तिन्हीपैकी काहीही असो, कुणीतरी तिथे उभं राहून वाट बघितलीये.

मधली चुरगळलेली काच बहुतेक पातळ प्लॅस्टिकची फिल्म आहे, ती ओल्या रंगावर घड्या पाडून ठेवायची आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. घड्यांच्या रेषांत रंग साठतो. घाईने उचलली की रेषा विरघळतात, इतकं साधं आहे, पण घाई न करणं अवघड जातं.

उजवीकडचा झालरीचा डाग म्हणजे आम्ही ज्याला ब्लूम म्हणतो तो, काही जण कॉलिफ्लॉवर पण म्हणतात. अर्धवट वाळलेल्या वॉशमधे नवं पाणी शिरलं की ते रंगाला पुढे ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे रंगाचा बांध घालतं. डाग वाळताना कड गडद का होते याचा उलगडा भौतिकशास्त्रज्ञांनी १९९७ मधे नीट केला, कडेला पाणी लवकर उडतं, ती तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि बरोबर कण घेऊन जातं. जलरंग शिकवताना ब्लूम ही चूक मानतात, वॉश सपाट हवा असतो ना. इथे त्या चुकीला चित्रात मोठी जागा दिलीये, उजवी बाजू तिनेच तोललीये असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

आता तो जिना. तैलरंगात योगायोग आवडला नाही तर वरून झाकता येतो. एर्न्स्टने पुढे डेकॅल्कोमेनिया तैलरंगात नेलं तेव्हा तो हेच करायचा, डागांच्या गर्दीत त्याला पक्षी किंवा माणूस दिसला की भोवतीचं नको ते सगळं सपाट आभाळाने झाकून टाकायचा. निवड नंतर करता येते. पारदर्शक जलरंगात ही सोय नाही. इथे पांढरा म्हणजे कागद, आणि एकदा निळा पडला की तो कागद पूर्ण पांढरा परत मिळत नाही. मग इतक्या गडद निळ्याच्या मधोमध नऊ पायऱ्यांचा शुभ्र जिना आला कुठून? तो कुणी रंगवलेला नाही, तो वाचवलेला आहे. पाणी ओतायच्या आधी, मीठ टाकायच्या आधी, कोऱ्या कागदावर पायऱ्या आखून त्यांवर मास्किंग फ्लुइड लावलं असणार. हे रबराचं पातळ द्रावण असतं, वाळलं की त्याची कातडी होते, वरून कितीही पाणी घाला, आतला कागद कोरा राहतो, शेवटी बोटाने चोळून काढायचं. म्हणजे ज्या चित्राला तुमचा मित्र सांडलेलं पाणी म्हणतो त्यातली सगळ्यात ठाम गोष्ट पाण्याच्या आधी ठरलेली होती. चित्रकाराने आधी जिना बांधला आणि मग त्याच्याभोवती पूर येऊ दिला.

मला या प्रकारच्या चित्रांत सगळ्यात जास्त हेच आवडतं, पाणी कुठपर्यंत गेलं आणि माणूस कुठे बोलला याची हद्द शोधायला. अतिवास्तववाद्यांतही हे दोन प्रवाह होते, एक योगायोगावर सोडणारा आणि दुसरा स्वप्नातली गोष्ट अगदी घासूनपुसून, नेमकी काढणारा, दाली किंवा मॅग्रिट यांच्यासारखा. जलरंगात हे दोन्ही एकाच कागदावर एकमेकांना भिडतात. टेबल, खण, वेणी हे नेमकं. चांदण्या, ब्लूम हे सोडून दिलेलं. आणि तो डोळा म्हणजे दोघांची गाठ, एक ठिपका टाकला आणि डाग जिवंत झाला. त्याला कान, पाय, शेपूट काढायचा मोह किती झाला असेल! काढलं असतं तर एक साधा प्राणी झाला असता. आपला मेंदू ढगात, भिंतीत, कुठेही चेहरा शोधतो, त्याला एक डोळा पुरतो, बाकीचा प्राणी तुम्ही स्वतः पूर्ण केलात, म्हणूनच तो तुमच्याकडे बघतोय असं वाटलं.

अर्थाचं विचारलंत. माझं प्रामाणिक मत, अर्थ लावायची घाई करू नका. वेणी म्हणजे आई, पाणी म्हणजे अमुक, जिना म्हणजे तमुक असा शब्दकोश उघडला की चित्र बंद होतं. त्याऐवजी दोन वस्तू जिथे जोडल्यात तो सांधा बघा. वेणी आणि मुळं का जमून गेली? दोन्ही वाढतात, दोन्हीला पीळ असतो, एक डोक्यातून निघते आणि दुसरी मातीत शिरते. आणि हे सगळं खणातून, म्हणजे जिथे आपण जपून किंवा लपवून ठेवतो तिथून. हे मी शब्दांत सांगतेय, तुम्हाला तिथे उभं असताना हे पोटात जाणवलं असणार, नाहीतर वीस मिनिटं कोण उभं राहतं. तुम्हाला त्या वीस मिनिटांत स्वतःचं काय आठवलं तेही चित्र बघण्यातच येतं, ते बाजूला ठेवू नका.

प्रदर्शन अजून चालू असेल तर एकदा परत जा आणि या वेळी तीन अंतरावरून बघा. आधी लांबून, नुसता गडद-फिकट तोल बघायला. मग अगदी जवळून. आणि मग बाजूने, तिरक्या उजेडात, कागदाचे उंचवटे दिसतील असं. जवळून बघताना जिन्याची कड तपासा. ती कापल्यासारखी धारदार असेल आणि आतला पांढरा बाकी कोऱ्या कागदाइतकाच असेल तर मास्किंग. कड मऊ असेल आणि पांढऱ्यात निळसर झाक असेल तर वाळलेला रंग ओल्या ब्रशने उचललाय. आणि पांढरा खडूसारखा दिसत असेल, कागदाच्या वर बसल्यासारखा, तर वरून पांढरा गॉश लावलाय, आणि मग माझं म्हणणं चुकलं. जे असेल ते मला कळवा. (हे उत्तर मी त्यांना आधीच पाठवलं होतं, त्यांनी काय कळवलं ते शेवटी आहे.)

प्रश्न: मी तीन वर्षं जलरंग शिकतेय. आमचे सर म्हणतात मीठ, फिल्म, स्पिरिटचे थेंब, मेण हे सगळं गिमिक आहे, खरा जलरंग म्हणजे पाणी, रंग, ब्रश आणि कागद. मला प्रयोग करावेसे वाटतात पण अपराधी वाटतं.

उत्तर: सरांचं म्हणणं मी पूर्ण उडवून लावणार नाही, कारण नुसतं टेक्सचर दाखवणारी खूप चित्रं मी बघितलीत आणि बघून दोन मिनिटांत विसरलेय. मीठ टाकलं की चांदण्या येतात, त्या सुंदर दिसतात, आणि करणारा तिथेच खूश होतो. तिथे सर बरोबर आहेत.

पण शुद्धतेचा नियम जलरंगाच्या थोर लोकांनी स्वतः कधी पाळला नाही. टर्नर कागद खरवडायचा, नखाने ओरखडे काढून उजेड आणायचा. पॉल क्लेने १९२२ मधे आपलं प्रसिद्ध यंत्रावरच्या पक्ष्यांचं चित्र केलं त्यातली रेषा सरळ काढलेली नाही, मागे तैलरंग लावलेल्या कागदावरून ती खाली उतरवलीये, कार्बन कॉपी काढावी तशी, त्यामुळे ती थरथरती आणि मळकट आलीये, आणि मग त्यावर जलरंगाचे वॉश. ती रेषा स्वच्छ असती तर ते पक्षी इतके केविलवाणे वाटले नसते. मिरोने १९४० आणि ४१ मधे कागदावर २३ चित्रांची मालिका केली, युद्ध चालू असताना, तिची सुरुवात ब्रश धुताना ते कोऱ्या कागदांवर पुसण्यातून झाली, त्या मळक्या पार्श्वभूमीतून त्याला आकार सुचत गेले.

एडवर्ड बरा (Burra) या इंग्रज चित्रकाराचं नाव मुद्दाम सांगते कारण जलरंगवाल्यांना तो माहीत असायला हवा. सांधेदुखीमुळे त्याला ईझलपुढे उभं राहून तैलरंग करणं जड जायचं, म्हणून तो टेबलावर कागद आडवा ठेवून जलरंग करायचा, कागद पुरला नाही की दुसरा जोडायचा, आणि थर इतके घट्ट द्यायचा की लांबून तैलरंगच वाटावा. १९३६ मधे लंडनला भरलेल्या अतिवास्तववादी चित्रांच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं होती. आणि जर्मन चित्रकार वोल्स, ज्याने १९३९-४० मधे फ्रान्समधल्या नजरकैदेच्या छावण्यांत असताना छोट्या छोट्या कागदांवर शाई आणि जलरंगात अख्खी विचित्र जगं उभी केली. मोठं काही नेता येत नाही, लपवता येत नाही, तिथे जलरंगाची छोटी पेटी उपयोगी पडते. या दोघांकडे बघितलं की वाटतं जलरंग हे हलकंफुलकं, रविवारचं माध्यम आहे हा समज किती चुकीचा आहे.

गिमिक आहे की नाही हे ओळखायची माझी स्वतःची एक पद्धत आहे. मनातल्या मनात ते टेक्सचर काढून टाकायचं आणि तिथे सपाट वॉश आहे असं समजायचं. चित्राचं काहीच बिघडलं नाही, तर ते नुसती सजावट होतं. वरच्या पत्रातल्या चित्रातून चांदण्या काढल्या तर ते निळं फक्त पाणी राहील, चांदण्या आहेत म्हणून ते आभाळही होतं आणि म्हणून टेबल कशात उभं आहे ते कळेनासं होतं. तिथे मिठाने काम केलंय.

सरांकडे सपाट वॉश आणि ओल्यावर ओलं (ओल्या कागदावर ओला रंग) हे मात्र मन लावून शिका. योगायोगाला जागा करून द्यायची तर पाणी काय करेल याचा अंदाज लागतो, आणि तो तिथेच मिळतो.

प्रश्न: घरी असं काही करून बघायचंय. कागद दर वेळी फुगतो, रंगांचा चिखल होतो. सुरुवात कशी करू?

उत्तर: कागदावर काटकसर करू नका, रंगांवर केली तरी चालेल. १०० टक्के कॉटनचा, निदान ३०० जीएसएमचा कागद घ्या, चारी बाजूंनी टेपने बोर्डावर चिकटवा. पातळ कागद पाणी पेलत नाही, मग तळी साचतात आणि मीठ-बीठ सगळं वाया जातं. चिखल होतो तो बहुतेक वेळा रंग जास्त झाल्यामुळे, दोनच घ्या. अल्ट्रामरीन ब्लूचे कण एकत्र गोळा होऊन कागदाच्या खळग्यांत बसतात आणि रवाळ पोत आपोआप येतो, याला ग्रॅन्युलेशन म्हणतात. त्याच्याबरोबर बर्न्ट सिएना घ्या, दोघांतून जवळपास काळ्यापर्यंतच्या सगळ्या छटा मिळतात. थॅलो ब्लू आत्ता नको, तो कागदाला असा धरतो की नंतर उचलता येत नाही.

दोमिंगेझची पद्धत करून बघायची तर कागद गुळगुळीत हवा, खरखरीत नको, आणि रंग गॉश, सायीइतका दाट. पसरा, दुसरा कागद ठेवा, तळहाताने दाबा, एका कोपऱ्यातून सावकाश ओढा. ओढायची दिशा बदलली की फांद्यांची दिशा बदलते. इथेल कहून (Ithell Colquhoun) नावाच्या ब्रिटिश चित्रकर्तीची एक पद्धत मला फार आवडते, पसरट ट्रेमधे पाणी घ्यायचं, त्यावर कोळशाची किंवा खडूची पूड भुरभुरवायची आणि कागद पृष्ठभागावरून हलकेच फिरवून ती पूड टिपून घ्यायची. १९४९ मधे तिने या सगळ्या डागांच्या पद्धतींवर एक निबंधही लिहिला. खर्च जवळजवळ शून्य, आणि दोन कागद कधीच सारखे येत नाहीत. पूड वाळल्यावर मात्र फिक्सेटिव्ह मारा, नाहीतर झडून जाईल.

मग महत्त्वाचं, कागद वाळला की त्याच दिवशी त्यावर काही काढू नका. भिंतीला टेकवून ठेवा, दुसऱ्या दिवशी उलटा करून ठेवा, आडवा ठेवा. एखादी गोष्ट दिसायला लागेल. ती दिसली तरी लगेच काढू नका, तिसऱ्या दिवशी पण तीच दिसतेय का बघा. जे टिकेल तेवढंच, आणि कमीत कमी रेषांत. मी माझ्या विद्यार्थ्यांना दोन रेषा काढून थांबायला सांगते, बहुतेक जण सातव्या रेषेला थांबतात आणि मग म्हणतात पाचवीलाच थांबायला हवं होतं.

मीठ वापरलंत तर पूर्ण वाळल्यावर कोरड्या हाताने नीट झाडून काढा, कागदात राहिलेलं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि ते कागदाला चांगलं नाही. ब्लीचने रंग उडवायचे व्हिडिओ बरेच दिसतात, ते करू नका, ब्लीच कागदाचे तंतूच खातं.

प्रश्न: असं एक चित्र भेट मिळालंय. कुठे लावू?

उत्तर: उन्हाची तिरीप येत नाही अशा भिंतीवर. संग्रहालयं जलरंगांवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात, म्हणून ती दालनं अंधारी वाटतात. फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामधे माउंटचं अंतर हवंच, आणि मागचा बोर्ड ॲसिड-फ्री सांगा. रंग कोणते आहेत ते चित्रकाराला विचारता आलं तर विचारा, काही भडक गुलाबी फार लवकर उडतात.

आता पहिल्या पत्राचा पुढचा भाग. ते परत जाऊन आले आणि मित्रालाही घेऊन गेले. त्यांनी लिहिलंय: “मोबाइलचा टॉर्च लावायला परवानगी नव्हती, पण दारातून तिरका उजेड येत होता. पायऱ्यांच्या कडा धारदार आहेत, कापल्यासारख्या, तुम्ही म्हणालात तशाच. पण फक्त आठ पायऱ्यांच्या. सगळ्यात वरची, नववी, वेगळी आहे. तिची कड मऊ आहे आणि तिच्यात हलकी निळी झाक आहे, लांबून कळत नाही. आणि ती जिथे संपते तिथेच उजवीकडच्या त्या झालरीच्या डागाची कड सुरू होते. मित्र बराच वेळ नववी पायरीच बघत होता. ही एकच पायरी वेगळी का?”

पत्र वाचून मी दोनदा तुमचं पहिलं वर्णन काढून बघितलं. माझ्या अंदाजाने झालं असं, आठ पायऱ्या आधी ठरल्या होत्या, मास्किंग लावून वाचवल्या होत्या. मग पाणी आलं, मीठ, फिल्म, आणि उजवीकडे ब्लूम पसरत पसरत जिन्याच्या दिशेने आला आणि एका पायरीचं अंतर ठेवून थांबला. हे कुणी ठरवू शकत नाही, पाणी कुठे थांबेल ते पाणीच ठरवतं. सगळं वाळल्यावर, मास्किंग चोळून काढल्यावर चित्रकाराला ती मधली जागा दिसली असणार, कदाचित दुसऱ्या दिवशी, कदाचित आठवड्याने. मग ओला ब्रश घेऊन तेवढाच निळा हळूहळू उचलला. निळा पूर्ण निघाला नाही, निघतच नाही, म्हणून ती झाक. पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की जिना कुठे पोचत नाही. तो त्या डागाला पोचतो, आणि ती शेवटची पायरी पाणी ओसरल्यावर बांधलेली आहे.